साकव कुणाचा, हे आधी ठरू द्या

पत्र

ताई, नमस्कार.

आमचं गाव साताऱ्याजवळ परळी खोऱ्यात आहे. तीन वर्षांपासून आम्ही अकरा जण रविवारी जमतो आणि जुन्या पायवाटा मोकळ्या करतो. एक वाट गावातून वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारावर जाते. दुसरी ओढ्यापलीकडून देवराईकडे आणि पुढं धारेवर चढते. मध्ये ओढा आहे. जूनपासून दिवाळीपर्यंत तो ओलांडता येत नाही, म्हणून दोन्ही वाटा तुटक राहतात. तिथं साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल झाला तर सलग निसर्गवाट होईल आणि बाहेरची माणसं आली तर गावातल्या पोरांना वाटाडे म्हणून चार पैसे मिळतील, असं आमच्या मनात आहे.

साताऱ्यातल्या एका फॅब्रिकेटरनं ९ लाख ४० हजारांचा अंदाज दिला. आम्ही क्यूआर कोड छापला, व्हॉट्सअपवर फिरवला. चौदा महिन्यांत ११२ जणांकडून १ लाख ८६ हजार जमले. त्यातले बहुतेक पुण्याचे आणि मुंबईचे ट्रेकर. आता चार महिने एक रुपया आलेला नाही. गावातले म्हणतात, "पुलावरनं तुमचं पाव्हणं जाणार, मग वर्गणी आमच्या डोक्यावर का?" काही जण म्हणतात, आमदार निधीतून करून घ्या. मागच्या ग्रामसभेत माथाडीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पैसं कुणाच्या खात्यात हायती?" ते माझ्या खात्यात आहेत. एक पैसा मी हलवलेला नाही. पण त्या दिवसापासून मन उडालं. पलीकडच्या वस्तीवरची नऊ मुलं पावसाळ्यात महिना-महिना शाळेत येत नाहीत, त्यांचंही भलं झालं असतं. दुबईतला एक मित्र मोठी रक्कम द्यायला तयार आहे. पैसे परत करून मोकळं व्हावं, की रेटत राहावं?

– परळी खोऱ्यातला एक वाटाड्या

उत्तर

वाटाडे दादा,

तुमचं पत्र वाचताना शेवटाकडच्या एका वाक्यावर मी अडकले. नऊ मुलं पावसाळ्यात शाळेत येत नाहीत. सडा, देवराई, धार, वाटाड्यांची कमाई, फॅब्रिकेटरचा अंदाज, सगळं सांगून झाल्यावर हे जाता जाता आलंय. तुमच्या व्हॉट्सअपच्या मजकुरातही ते शेवटीच असणार, किंवा नसेलच. मला वाटतं, वर्गणी तिथं थांबली आहे.

साकव म्हणजे आपल्याकडे ओढ्यापलीकडच्या माणसांची सोय. दुधाचा कॅन घेऊन येणारा, बाळंतपणाला निघालेली बाई, दप्तर डोक्यावर धरलेलं पोर, यांच्यासाठी साकव होतो. तुम्ही तोच शब्द वापरून गावाकडं मागितला दोन वाटा जोडणारा पूल. तो मागणं चुकीचं नाही, पण गावाला तो आपला वाटेना. आणि पुण्या-मुंबईच्या माणसानं एकदा पाचशे दिले की त्याचं काम संपतं. त्याला त्या ओढ्यावरून रोज जायचं नाही.

म्हणून पहिली गोष्ट. पैसे मागणं आज थांबवा आणि पलीकडच्या वस्तीवर जा. फोटो काढायला किंवा व्हिडिओ करायला जाऊ नका. तिथल्या बायकांना विचारा, पाणी वाढलं की तुम्ही कुठून येता, कुठं थांबता, ओढा कुठं वळतो, कुठं पसरतो. जुलै २०२१ मध्ये, पाटणकडं आंबेघर-मिरगावला दरडी कोसळल्या त्या पावसात, पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवायला सांगा. झाडांच्या बेचक्यांत अडकलेलं गवत आणि काटक्या कुठल्या उंचीवर होत्या, हे त्यांना आठवत असतं. मग त्यांना विचारा, साकव कुठं हवा. कदाचित त्या तुमच्या नकाशातल्या जागेपासून दोनशे पावलं खाली बोट दाखवतील. तिथंच करा. सड्यावर जाणाऱ्याला पाच मिनिटं वळसा पडला तर त्याचं काही जात नाही.

हे मी ठामपणे सांगते, कारण मी स्वतः हे चुकवलं आहे. माझ्या माहेरच्या गावात आम्ही तरुणपणी वर्गणी काढून लोखंडी साकव केला. जागा आम्हीच ठरवली, कारण तिथून गावाला रस्ता सरळ होता. पैसे कमी पडले म्हणून लांबी एका झेपेत न घेता मध्ये एक खांब दिला. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या वर्षी वरून आलेला ओंडका त्या खांबाला अडकला, त्याच्यामागं पालापाचोळा तुंबला आणि एका रात्रीत सगळं आडवं झालं. सकाळी काठावर उभ्या असलेल्या एका म्हातारीनं मला सांगितलं, "इथं पाणी वळतं गं, तुमी इचारलंच न्हाई." त्यानंतर कित्येक वर्षं मी कशाचीही वर्गणी मागायला गेले की लोक त्या साकवाचं नाव काढायचे. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. पण लोकांचा पैसा पाण्यात गेला होता आणि तो त्यांनी मला दिला होता.

आता बांधकामाबद्दल. फॅब्रिकेटरचा अंदाज हा लोखंडाचा आणि मजुरीचा अंदाज असतो. त्याला आराखडा म्हणत नाहीत. त्यानं ओढ्याची पूरपातळी मोजलेली नाही, काठाखाली कातळ किती खोल आहे हे पाहिलेलं नाही. समजा साकव १४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे. गर्दी होऊ शकेल असा पादचारी पूल दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरून आखतात. म्हणजे तुमच्या साकवानं ८,४०० किलो पेललं पाहिजे, सव्वाशेच्या वर माणसं एकदम उभी राहिली तर होईल एवढं. गावात तुम्ही म्हणाल, एवढी माणसं कुठून येणार? पण वाट निसर्गवाट झाली की रविवारी येणाऱ्यांचा हिशेब तुमच्या हातात राहत नाही. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार माणसं गेली. तोही पायी जाण्याचाच पूल होता. तुमच्या साकवावर शाळेची नऊ मुलं चालणार आहेत, तेव्हा इथं कसलीही काटकसर करू नका. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सांगलीचं वालचंद महाविद्यालय, दोन्हीकडे स्थापत्य विभाग आहेत. पत्र घेऊन स्वतः जा. मोजणी आणि प्राथमिक अभ्यास विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून होऊ शकेल का, विचारा. अंतिम आराखड्यावर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवीच आणि त्याची फी जमलेल्या पैशांतून द्या. देणगीदारांना तसं आधी कळवा: "पहिला खर्च आराखड्यावर करतोय." कुणी कुरकुर केली तर त्याचे पैसे परत द्या.

मध्ये खांब नको, दोन्ही काठ कातळावर बसवलेले, लोखंड गॅल्व्हनाइज केलेलं, तळ पूरपातळीच्या बराच वर. हे चार मुद्दे इंजिनिअरनं विचारलं नाही तरी त्याला सांगा. तो त्याच्या परीनं दुरुस्त करेल.

जागेचा प्रश्न तुमच्या पत्रात कुठंच नाही, म्हणून मला काळजी वाटली. ओढ्याचं पात्र जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारचं असतं. अलीकडचा काठ कुणाच्या तरी खाचराला लागून असेल, पलीकडं देवराईच्या बाजूला वनखात्याची हद्द असण्याची शक्यता मोठी. सातबारा काढा, तलाठ्याकडून नकाशा घ्या. शेतकऱ्याची संमती तोंडी घेऊ नका. आज तो "घ्या की" म्हणेल, उद्या त्याचा मुलगा म्हणणार नाही. वनहद्द निघाली तर वनक्षेत्रपालांना भेटा. १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगीशिवाय तिथं एक दगडसुद्धा रचता येत नाही आणि तुमच्यासारख्या पोरांवर गुन्हा दाखल झालेला मला बघायचा नाही. हे कागद हातात येईपर्यंत बांधकामासाठी पुढची वर्गणी घेऊ नका.

आणि देवराईबद्दल वस्तीशी मोकळेपणानं बोला. सलग वाट झाली की आजवर पावसाळ्यात शांत राहणारी ती जागा रविवारी भरेल. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आलं, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत तिथं गर्दी आवरायला काय काय करावं लागतं, हे तुम्ही साताऱ्याचे म्हणून रोज पाहता. देवराईत चप्पल घालून जायचं की नाही, किती जण, कुठपर्यंत, हे ज्यांचा तो देव आहे त्यांनी ठरवावं. साकवाच्या दोन्ही तोंडांशी, काठावर, वाटेच्या मधोमध एकेक ठेंगणा खांब रोवा, म्हणजे दुचाकी वर जाणार नाही.

आता पैशाकडं येते. पैसे तुमच्या खात्यात आहेत हे वाचून मला धस्स झालं. तुम्ही प्रामाणिक आहात हे पत्रावरून दिसतं. पण उद्या तुम्हाला काही झालं तर ते पैसे तुमच्या वारसांकडं जातील आणि ११२ जणांना उत्तर द्यायला कुणी उरणार नाही. शिवाय नोंदणी नसलेल्या माणसांनी सार्वजनिक कामासाठी वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात त्यासाठी कलम ४१ क आहे. गणपती मंडळं दरवर्षी तीच परवानगी काढतात. तुमच्याच गावच्या मंडळाच्या पोरांना विचारा, कागद कसे लावायचे ते त्यांना पाठ असतं. पुढं वाटांचं काम चालू ठेवायचं असेल तर संस्था नोंदवा. सात सभासद लागतात, तुम्ही अकरा आहात. तोवर ग्रामसभेत साकवाचा ठराव घेऊन लोकवर्गणी ग्रामपंचायतीमार्फत घेता येईल का, हे ग्रामसेवकांशी बोलून ठरवा. ठरावात जागा, अंदाज आणि एक तारीख लिहा. त्या तारखेपर्यंत रक्कम जमली नाही तर पैशांचं काय करायचं, तेही लिहा.

दुबईच्या मित्राचा पासपोर्ट भारताचा असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीचे असतील, तर ते परकीय योगदान धरलं जात नाही. त्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र एफसीआरएच्या, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय त्याचा रुपया घेऊ नका. आणि काहीही झालं तरी त्याची मोठी रक्कम सगळ्यात शेवटी घ्या. ती आधी आली की गाव म्हणेल, झालं की काम, आमचं काय अडलंय?

गावाकडं पुन्हा जाल तेव्हा तुमच्याच जिल्ह्यातली एक रीत आठवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. वसतिगृहातली पोरं जेवणार कशी? त्यासाठी मुष्टिफंड होता. घरोघरी मूठ-मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते गोळा करायचं. मुठीनं कुणी गरीब होत नव्हतं. पण जिच्या घरातून मूठ जाई तिला ती शाळा आपली वाटायची. क्यूआर कोडमधून हे होत नाही. त्यासाठी कुणीतरी दारात यावं लागतं, दर महिन्याला, त्याच माणसानं.

तुम्ही घरांचा आकडा लिहिलेला नाही. समजा १४० घरं आहेत. घरटी महिना शंभर रुपये, दहा महिने. १ लाख ४० हजार होतात. ज्याला शंभर जड आहेत त्याचे वीस घ्या, किंवा दोन दिवसांचं श्रमदान लिहून घ्या. पण वहीतून एकही घर सुटू देऊ नका. तुमचे आजचे १ लाख ८६ हजार धरले तर ३ लाख २६ हजार झाले, आजच्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडे जास्तच. "१४० पैकी १४० घरांनी दिलेत" असं म्हणून दुसऱ्याच्या दारात उभं राहणं आणि क्यूआर कोड पाठवणं यांत काय फरक आहे, तो तुम्हाला पहिल्याच बैठकीत कळेल. वर्गणी गोळा करायला बचत गटाच्या बायका घ्या. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, सगळ्यांसमोर मोजून वहीत चढवायची, हे त्या वर्षानुवर्षं करत आहेत. खजिनदारही त्यांतलीच एक असू द्या.

दुसरं दार मुंबईकरांचं. तुमच्या भागातून माथाडीत गेलेली माणसं आणि त्यांची मुलं जत्रेला येतातच. जत्रेत देवळासमोर पाच मिनिटं मागा आणि तेव्हा वस्तीवरच्या कुणा आईला बोलू द्या, तुम्ही बाजूला उभे राहा. जत्रेला मागितलं, गणपतीत पुन्हा आठवण केली, दिवाळीपर्यंत रक्कम बांधली, की जानेवारीत ओढ्याचं पाणी उतरल्यावर पाया खणता येतो. मे संपायच्या आत काम उरकलं पाहिजे, म्हणजे हाताशी पाच महिनेच. या वर्षी हे जमत नसेल तर पुढच्या वर्षी करा. घाईनं अर्धा पाया घालून पावसाळ्याच्या तोंडी सोडू नका.

आमदार निधी मागा म्हणणारे गावकरी चुकीचं सांगत नाहीत. वस्ती जोडणारा साकव डोंगरी विकास कार्यक्रमातून होऊ शकतो, जिल्हा नियोजन समितीकडं मागता येतो. तिथंही तुमच्या अर्जाचं पहिलं वाक्य त्या नऊ मुलांचंच असायला हवं. निसर्गवाटेला कुणी साकव मंजूर करणार नाही, शाळेच्या वाटेला करेल. पण माझा अनुभव असा, की एकाच बांधकामात सरकारी पैसा आणि वर्गणी मिसळली की शेवटी कुणाचाच हिशेब जुळत नाही. सरकारनं साकव मंजूर केला तर पूर्ण साकव त्यांना करू द्या, आराखड्यावर मात्र नजर ठेवा. तुमची वर्गणी मग दोन्ही बाजूंच्या पायऱ्या, चढावरचे दगडी चर, दिशादर्शक फलक आणि देखभालीसाठी ठेवा. ठरावात तशी सोय आधीच करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी देणगीदारांपुढं अवघडायला नको.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे त्या समाजकामावर खर्च करतात त्या पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. कायद्याप्रमाणे त्यांना ज्या संस्थेमार्फत खर्च करायचा असतो तिची आयकराची आणि सीएसआरची नोंदणी लागते आणि साधारण तीन वर्षांचं कामही दाखवावं लागतं. नवी संस्था त्यात बसणार नाही. ओळखीची जुनी विश्वस्त संस्था सोबत असेल तरच त्या वाटेला जा.

देखभालीची रक्कम आताच वेगळी काढा. दरवर्षी पावसाळ्याआधी बोल्ट तपासणं, गंज खरवडणं, रंग देणं, पावसाळ्यानंतर काठ खचलाय का बघणं, हे कुणीतरी नाव लिहून घेतल्याशिवाय होत नाही. त्यासाठी वर्गणी मागायला गेलात तर कुणी देत नाही, कारण रंगाच्या डब्यापुढं नारळ फुटत नाही. देणगीदारांच्या नावांची पाटी लावायची असेल तर रकमा लिहू नका. वीस रुपयेवाली आणि वीस हजारवाला एकाच रांगेत, अकारविल्हे.

कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव तुम्हाला ठाऊक असेल. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये, गावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, ते पहिलं आलं. उन्हाळ्यात अख्खं गाव टिकाव-फावडी घेऊन उतरलं होतं. तुम्हीही श्रमदान घ्या, वाटा, पायऱ्या, चर, सामान वाहणं यांसाठी भरपूर घ्या. साकवाचा पाया आणि लोखंड मात्र ज्याचा तो धंदा आहे त्याच्याच हातून होऊ द्या.

आता शेवटचं, त्या आजोबांचं. तुम्हाला त्यांचा प्रश्न लागला, हे मी समजू शकते. रविवार-रविवार घाम गाळल्यावर सगळ्यांसमोर असं विचारलं की वाईट वाटतं. पण चौदा महिन्यांत हा प्रश्न विचारणारे ते एकटेच निघाले आणि तो योग्य प्रश्न होता. माथाडीत ज्यानं आयुष्य काढलं त्याला आपल्या घामाचा पैसा कुठल्या खात्यात जमा होतो हे बघायची सवय असते. त्या माणसाला पैशाची फिकीर आहे, म्हणजे साकवाचीही आहे. नव्या खात्यावर दोन सह्या लागतील, त्यांतली एक त्यांची असू द्या. हिशेबाचा कागद दर महिन्याला पारावर लागेल, तो त्यांनी वाचून मगच लावायचा.

म्हणून पैसे परत करू नका आणि रेटूही नका. या रविवारी टिकाव घरी ठेवा. बँकेचा उतारा छापून घ्या, ११२ जणांची यादी वहीत स्वच्छ अक्षरात उतरवा आणि संध्याकाळी त्या आजोबांच्या दारात जा. चहा देतील, तो घ्या. वही त्यांच्या हातात द्या आणि सोमवारी वस्तीवर येता का, म्हणून विचारा.

– तुमची ताई